दस्ता, नळी आणि चाप : सुट्या भागांची ‘रायफल’ केव्हा होते?

अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यात ‘रायफल’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. खांद्याला लावून झाडण्यासाठी योजलेले, सर्पिल खाचा असलेल्या नळीतून स्फोटकाच्या शक्तीने गोळी फेकणारे आणि चापाच्या एका ओढीसरशी एकच गोळी सोडणारे शस्त्र, असा तिचा सारांश आहे. या व्याख्येतील तीन लक्षणे शस्त्राच्या तीन अवयवांशी निगडित आहेत. खांद्याशी दस्त्याचा संबंध आहे, खाचांशी नळीचा, आणि ‘एका ओढीसरशी एकच गोळी’ या अटीशी चापाचा. त्या देशात सामान्य नागरिक सुटे भाग विकत घेऊन घरच्या घरी रायफल जुळवू शकतो. त्यामुळे कोणता भाग निवडावा हा कारागिरीचा प्रश्न आणि कोणत्या टप्प्यावर त्या भागांना ‘रायफल’ म्हणावे हा अर्थविचाराचा प्रश्न, हे दोन्ही तेथे एकत्र आलेले दिसतात. २०२४ व २०२५ या दोन वर्षांत तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन निर्णय याच प्रश्नाभोवती फिरतात. भाषेच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे लक्ष द्यावे इतके ते महत्त्वाचे आहेत.

अशा जुळणीसाठी बहुधा एआर-१५ या नमुन्याची निवड होते. आर्मालाइट या कंपनीत यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो सिद्ध केला आणि १९५९ मध्ये त्याचे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. ‘एआर’ ही अक्षरे आर्मालाइट कंपनीच्या नावावरून आलेली आहेत. पेटंटाची मुदत संपल्यावर अनेक उत्पादक एकाच मापाचे भाग बनवू लागले, आणि एकाची नळी दुसऱ्याच्या सांगाड्यात बसू लागली. या रायफलीचा सांगाडा, म्हणजे रिसीव्हर, दोन भागांचा असतो. वरच्या भागात नळी व बोल्ट बसतात. खालच्या भागात चाप व घोडा बसतात आणि त्याच्याच मागील बाजूस दस्ता जोडला जातो.

तिन्ही अवयवांत दस्त्याची निवड सर्वांत सोपी आहे. दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर नेमबाजाच्या हाताला साजेसे असले म्हणजे पुरते, आणि लांबी कमीजास्त करता येणारा दस्ता नवख्याची ही अडचण सहज दूर करतो. नळीच्या बाबतीत मात्र नावाने फसगत होण्याचा संभव आहे. ‘.२२३ रेमिंग्टन’ आणि ‘५.५६ नाटो’ ही काडतुसे बाहेरून जवळजवळ सारखीच दिसतात, परंतु ५.५६ च्या नळीत गोळीपुढे अधिक मोकळीक ठेवलेली असते. म्हणून ५.५६ च्या नळीत दोन्ही काडतुसे चालतात, तर .२२३ च्या नळीत ५.५६ चे काडतूस वापरल्यास दाब धोकादायक प्रमाणात वाढू शकतो. खाचांचा पीळ ही दुसरी पाहण्याची गोष्ट होय. १९६० च्या दशकातील एम-१६ रायफलीत १२ इंचांत एक फेरा पूर्ण होत असे. पुढे लांब व जड गोळी आल्यावर एम-१६ ए-२ मध्ये तो ७ इंचांत पूर्ण होऊ लागला. लांब गोळी स्थिर राहण्यास अधिक जलद फिरकी लागते, हे त्याचे कारण. नळीची लांबी १६ इंचांहून कमी असेल, तर ती दस्ता असलेली रायफल १९३४ च्या कायद्यानुसार निराळ्या वर्गात जाते व तिची स्वतंत्र नोंदणी करावी लागते. येथे एका इंचाच्या फरकाने वस्तूचा वर्ग बदलतो.

चापाची निवड यांहून नाजूक आहे, आणि ती समजण्यासाठी प्रथम यंत्रणा समजून घ्यावयास हवी. स्प्रिंगच्या ताणाखाली असलेला घोडा चापाने अडवून धरलेला असतो. चाप ओढला की ही अडवणूक सुटते, घोडा पुढे आदळतो व काडतूस पेटते. बोल्ट मागे येताना घोड्याला पुन्हा खाली लोटतो; परंतु बोट अद्याप चापावरच असल्यामुळे एक दुसरा खटका घोड्याला पकडून ठेवतो. बोट सैल पडल्यावर तो खटका घोड्याला पुन्हा चापाच्या स्वाधीन करतो. एका ओढीला एकच गोळी सुटते ती या व्यवस्थेमुळे.

चापाचे सामान्यतः दोन प्रकार मानतात. एकटप्पी चापात बोट टेकताच विरोध जाणवतो आणि ठरावीक जोर लागताच घोडा सुटतो. दुटप्पी चापात आरंभीचा प्रवास हलका असतो. मग एक स्पष्ट अडथळा लागतो आणि त्यापुढे थोडा अधिक जोर दिल्यावर गोळी सुटते. सैनिकी धर्तीचा एकटप्पी चाप स्वस्त व भरवशाचा असतो, परंतु तो ओढण्यास जड पडतो. लक्ष्यवेधाचा सराव करणारे बहुधा दुटप्पी चाप पसंत करतात, कारण गोळी सुटण्याचा क्षण त्यात आधी कळतो. अमेरिकेतील सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमच्या सर्व्हिस रायफल स्पर्धांत चापाचा जोर साडेचार पौंडांहून कमी असलेला चालत नाही. नवख्या जुळणीकारालाही ही मर्यादा मार्गदर्शक ठरावी. अतिशय हलका चाप अनभ्यस्त बोटाखाली अकाली सुटतो.

या अवयवाची नावे निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या दृष्टीने पडलेली आहेत. इंग्रजी ‘ट्रिगर’ हा शब्द डच भाषेतील ‘ओढणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. म्हणजे नाव मानवी क्रियेवरून पडले. मराठी ‘चाप’ हा शब्द धनुष्यवाचक संस्कृत ‘चाप’ शब्दाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु केसांचा चाप, ‘चाप लावणे’, ‘चाप बसणे’ आणि ‘चापणे’ हे क्रियापद एकत्र ठेवून पाहिल्यास दाबून धरण्याचा अर्थच अधिक सयुक्तिक ठरतो. यंत्रणेच्या दृष्टीनेही तो नेमका आहे, कारण चापाचे पहिले काम घोड्याला रोखून धरण्याचे असते. ‘घोडा’ या शब्दाची गती याहून निराळी. आघात करणाऱ्या भागाचे हे नाव सैलपणे चापालाही लावले जाते, आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत ते सबंध पिस्तुलाचे नाव झालेले आहे. अवयवाचे नाव अवयवीला मिळणे ही लक्षणेची परिचित रीत होय. ‘रायफल’ हा शब्दही तसाच घडला. मूळ अर्थ खाचा पाडण्याचा, आणि नाव मात्र सबंध शस्त्राचे.

चाप ओढण्याची क्रिया आणि चापाचे स्वतःचे कार्य यांतील भेद पुस्तकी वाटेल. परंतु ‘गार्लंड विरुद्ध कारगिल’ हा खटला त्यावरच उभा होता. १९३४ च्या कायद्यात मशीनगनची व्याख्या करताना ‘चापाच्या एका कार्याने’ आपोआप एकाहून अधिक गोळ्या सोडणारे शस्त्र, अशा अर्थाची शब्दरचना आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी लास व्हेगास येथे एका मारेकऱ्याने मागे-पुढे सरकणारे दस्ते बसवलेल्या रायफलींनी जमावावर गोळीबार केला. त्यातील मृतांची संख्या पुढे ६० वर गेली. अशा दस्त्यामुळे धक्क्यासरशी रायफल मागे जाते व पुन्हा पुढे येऊन चाप स्थिर बोटावर आपटत राहतो. डिसेंबर २०१८ मध्ये शासनाने ‘चापाचे एक कार्य’ म्हणजे ‘चापाची एक ओढ’ असा अर्थ लावून हे दस्ते मशीनगनच्या वर्गात घातले. १४ जून २०२४ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा नियम रद्द ठरवला. न्यायमूर्ती थॉमस यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्रात यंत्रणेच्या आकृत्या दिलेल्या आहेत. चापाचे कार्य म्हणजे घोडा सोडणे, आणि ते प्रत्येक गोळीला नव्याने घडते, असे त्यात प्रतिपादन आहे. अल्पमताच्या वतीने न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी नेमबाजाची एकच कृती गोळ्यांची मालिका सुरू करते, याकडे लक्ष वेधले.

व्याकरणाच्या परिभाषेत हा षष्ठीचा वाद आहे. कृदन्ताच्या योगाने कर्ता व कर्म या दोघांनाही षष्ठी होते, अशी पाणिनीची व्यवस्था आहे. मराठीतही ‘पोलिसांचा पाठलाग’ असे म्हटले असता पोलीस पाठलाग करणारे आहेत की पाठलाग त्यांचा होत आहे, हे केवळ संदर्भानेच कळते. ‘चापाची ओढ’ या रचनेत चाप कर्म आहे व कर्ता बोट आहे. ‘चापाचे कार्य’ या रचनेत मात्र चाप स्वतःच कर्त्याच्या स्थानी येतो. १९३४ चा कायदा दुसरी रचना वापरतो, तर रायफलीची व्याख्या पहिली. शब्दरचनेचे बळ बहुमताच्या बाजूस होते, आणि कायद्याच्या हेतूचे बळ अल्पमताच्या. व्याकरण या दोहोंतील अंतर दाखवू शकते. त्यापैकी कोणते बळ श्रेष्ठ मानावे, याचा निर्णय ते देऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न अवयवीचा. चाप, नळी व दस्ता समोर मांडून ठेवले असता त्यांपैकी ‘शस्त्र’ कोणते? अमेरिकेच्या कायद्याने सांगाड्यालाच शस्त्र मानले; त्यावर अनुक्रमांक कोरला जातो आणि खरेदीच्या वेळी चौकशी होते. उरलेले भाग संघराज्याच्या कायद्यानुसार सामान्यतः अशा चौकशीविना विकता येतात. परंतु जुन्या नियमातील वर्णनाप्रमाणे घोडा, बोल्ट व झाडण्याची यंत्रणा ही सर्व ज्यात सामावतात तो सांगाडा. एआर-१५ मध्ये ती दोन भागांत विभागलेली असल्यामुळे कोणताही एक भाग त्या वर्णनात पुरता बसत नसे, आणि काही खटल्यांत आरोपींनी या विसंगतीचा लाभ घेतला. २०२२ च्या नियमाने ही त्रुटी दूर केली व जुळणीचे संच आणि अर्धवट सांगाडेही कायद्याच्या कक्षेत आणले.

‘बाँडी विरुद्ध व्हॅनडरस्टॉक’ या खटल्यात २६ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा नियम वरवर पाहता कायद्याशी विसंगत नसल्याचे ठरवले. न्यायमूर्ती गोर्सच यांनी त्यासाठी मानवनिर्मित वस्तूंच्या नामांविषयीचा भाषाशास्त्रीय विचार आधारास घेतला. अशी नामे वस्तूच्या प्रयोजनावरून पडतात. म्हणून अपुऱ्या हस्तलिखितालाही लेखिका ‘कादंबरी’ म्हणते, आणि जुळवावयाच्या फळ्या विकत आणणारा ‘टेबल आणले’ असे सांगतो. मराठी वाचकास पेणचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. तेथील कारखान्यात रंग न दिलेली, डोळ्यांची आखणी न झालेली मूर्तीही ‘गणपती’ म्हणूनच मोजली जाते. शाडूच्या गोळ्याला मात्र ते नाव मिळत नाही. सीमा कोठेतरी आहे, परंतु ती रेषेसारखी आखीव नाही. अर्धवट वस्तू कोणत्या टप्प्यावर नावास पात्र होते, हे न्यायालयानेही सर्व संचांपुरते ठरवून टाकले नाही.

हा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात चाक, आस व जू यांपैकी रथ कोणता, असा प्रश्न करून ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव असल्याचे दाखवले आहे. याउलट नैयायिकांनी अवयवी हा अवयवांच्या समुदायाहून निराळा व सत्य पदार्थ मानला. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने या वादात न शिरता सोपा मार्ग पत्करला. त्याच्या व्याख्येनुसार शस्त्रांत त्यांच्या भागांचाही समावेश होतो, आणि निर्मितीस परवाना लागतो. सुट्या भागांतून हौसेने रायफल जुळवण्याची अमेरिकेतील प्रथा येथे परवान्यावाचून गुन्हा ठरते.

मराठी परिभाषेच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते. बातम्यांत व अनुवादांत ‘घोडा दाबला’ आणि ‘चाप ओढला’ ही वाक्ये एकाच अर्थाने येतात. नित्याच्या व्यवहारात त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु कारगिल खटल्याचा निर्णय या सैल वापरातून मराठीत आणता येणार नाही, कारण चाप घोड्याला सोडतो हेच त्यातील प्रमेय आहे. ‘चाप’ हा शब्द बोटाखालील भागास आणि ‘घोडा’ हा आघात करणाऱ्या भागास राखून ठेवावा. दोन्ही शब्द भाषेत आधीपासून आहेत. त्यांच्यातील भेद तेवढा सांभाळावयाचा आहे.