शून्ये टिपायची कशाला?

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. तिथल्या १०३ मीटर उंच काँक्रीट धरणाला, मागचा उतार जिथे बदलतो त्या उंचीच्या आसपास, तडे गेले. तिथेच का बरे? १९७३ साली बर्कलेचे प्राध्यापक अनिल चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी संगणकावर हिशेब मांडून दाखविले, की काँक्रीटला फाडणारा मोठा ताण नेमका त्याच भागात येतो.

तो हिशेब धरणाच्या उभ्या छेदापुरता होता. सबंध धरण घ्यायचे, तर मनाने त्याचे लहान लहान ठोकळे पाडायचे. ठोकळ्यांचे कोपरे मिळतात तो सांधा. प्रत्येक सांधा तिन्ही दिशांना किती हलेल, हे काढायचे. समजा, अशी अज्ञाते १० लाख झाली. मग समीकरणेही १० लाख, आणि त्यांची सारणी, म्हणजे मॅट्रिक्स, १ लाख कोटी घरांची! एका घराला ८ बाइट धरले, तरी ८,००० गिगाबाइट जागा हवी.

पण शेतकऱ्याचा संबंध जसा बांधाला बांध असणाऱ्याशी, तसा सांध्याचा शेजारच्या सांध्यांशीच. स्वतःला धरून सांधे २७, दिशा ३. म्हणजे एका ओळीत फार तर ८१ घरे भरतात. बाकी सारी शून्ये! हीच विरळ सारणी. मग शून्ये टिपायचीच नाहीत. तीन याद्या ठेवायच्या: भरलेले आकडे, त्यांच्या रकान्यांचे क्रमांक, आणि प्रत्येक ओळ यादीत कुठे सुरू होते ती जागा. काम सुमारे १ गिगाबाइटमध्ये भागते.

आता हे काम अनेक संगणकांना वाटून देऊ. प्रत्येकाकडे धरणाचा एक भाग. मात्र हद्दीवरच्या सांध्यांचे आकडे शेजाऱ्याकडून मागवावे लागतात, आणि निरोप पोचायला गुणाकारापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. म्हणून वाटणी अशी हवी, की काम सर्वांना सारखे आणि हद्द कमीत कमी. नाहीतर हजार संगणकही एकमेकांची वाट पाहत बसतील.

शिक्षकबंधूंनी फळ्यावर एका ओळीत पाच गाठींची दोरी काढावी. प्रत्येक गाठीचा संबंध स्वतःशी व लगतच्या गाठींशी. सारणीच्या २५ घरांपैकी १३ भरतील, १२ शून्ये राहतील. मग गाठी दहा करा, वीस करा. भरलेली घरे हळूहळू वाढतील, शून्ये मात्र भराभर. मुलांना ते मोजूनच पाहू द्या.