कानाची पारख आणि किंमतीचा तोरा

संगीताची आवड ही जशी आनंदाची, तशीच अभिमानाचीहि गोष्ट असते. एखाद्या गवयाविषयीं दोन रसिकांचें एकमत होणें कठीण. मग गाणें ज्या साधनांतून ऐकावयाचें त्याविषयीं तरी तें कसें व्हावें? हेडफोनच्या षोकिनांत हाच वाद अखंड चालू असतो. एकाला जो आवाज उबदार वाटतो तोच दुसऱ्याला कोंदट वाटतो. एकाला स्वच्छ वाटणारा दुसऱ्याला कर्कश. येथपर्यंत कोणाचेंच कांहीं बिघडत नाहीं. परंतु स्वस्त हेडफोनवर समाधानानें गाणें ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘तुझा कान अजून तयार झालेला नाहीं’ असें सुनावलें जातें, तेव्हां आवडीचा तोरा बनतो. त्या एका वाक्यानें त्याचा आनंद नासतो, आणि पुष्कळदां घरच्या महिन्याच्या खर्चालाहि कात्री लागते.

या मतभेदाला शास्त्राचा आधार मुळींच नाहीं असें मात्र नव्हे. बाह्य कर्णाची घडण प्रत्येक माणसाची निराळी असते, व उंच स्वर कानांत कसे शिरतात हें पुष्कळसें तिच्यावर अवलंबून असतें. हेडफोनची उशी कानाभोंवतीं नीट न बसल्यास खर्जाचे स्वर निसटून जातात. चष्म्याच्या काडीनेंहि हा फरक पडूं शकतो. वाढत्या वयाबरोबर अतिशय उंच स्वर ऐकूं येईनासे होतात. सारांश, एकच हेडफोन दोन डोक्यांवर खरोखरच दोन प्रकारें वाजतो.

तथापि कानाच्या निकालांत डोळा आणि खिसा हेहि गुपचूप आपलें मत देत असतात. १९९४ सालीं फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं ४० श्रोत्यांकडून ध्वनिक्षेपकांची परीक्षा करविली. एकदां ते दिसत असतांना आणि एकदां पडद्याआड ठेवून. दिसत असतांना मोठ्या व रुबाबदार ध्वनिक्षेपकांना गुण अधिक आणि लहान व स्वस्त संचाला कमी मिळाले. पडदा येतांच हें अंतर घटलें. हेडफोनची अशी परीक्षा अधिक अवघड, कारण डोळे बांधले तरी वजन व उशीचा स्पर्श वस्तूची ओळख पटवितात. मापनयंत्राला मात्र असा मोह नसतो. २०१७ सालीं येरून ब्रेबार्ट यांनीं २८३ हेडफोनांच्या मापनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्जापासून तारापर्यंतचे स्वर कोणत्या प्रमाणांत उमटतात, याचा हेडफोनच्या किंमतीशीं संबंध त्यांना आढळला नाहीं.

याचा अर्थ महाग वस्तु फसवी असते असा नव्हे. टिकाऊ बांधणी, कानाला न टोंचणारी बैठक, सुटे भाग मिळण्याची सोय यांसाठीं पैसे मोजण्यांत गैर कांहींच नाहीं. केवळ त्या पावतीला रसिकतेचें प्रमाणपत्र समजूं नये.

घेणाऱ्यानें परिचयाचें एकच गाणें दोन्ही हेडफोनांवर ऐकावें. त्यापूर्वीं दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा, कारण किंचित् मोठा आवाज अधिक चांगला भासतो. किंमत मागाहून विचारावी. ‘मला हें आवडलें’ म्हणणाऱ्याला पुराव्याची गरज नाहीं; ‘हेंच उत्तम, बाकीचे अडाणी’ म्हणणाऱ्याकडे मात्र तो अवश्य मागावा.