द्रागुनॉव्ह रायफल
सोव्हिएट सैन्याने १९६३ मध्ये स्वीकारलेली अर्धस्वयंचलित, दुर्बीणयुक्त रायफल. अभिकल्पक येवगेनी द्रागुनॉव्ह. काडतूस ७·६२ मिमी.; पेटीत दहा काडतुसे; परिणामकारक पल्ला सु. ८०० मी. चाप ओढताच एक गोळी सुटते व दारूच्या वायूच्या दाबाने पुढचे काडतूस आपोआप नळीत येते. त्यामुळे नेम फारसा न हलवता पुन्हा मारा करता येतो. तुकडीतील इतर रायफलींचा पल्ला संपतो तेथून पुढचे लक्ष्य टिपणे, हे हिचे रणांगणावरील कार्य. भारतीय सेनेनेही ती वापरली आहे. चंद्रपूर–गडचिरोलीच्या साग-बांबूच्या रानात मात्र, विशेषतः पावसाळ्यात, दृष्टीच जवळ अडते. एवढा पल्ला नदीपात्रे व मोकळी शेते यांपुरताच उपयोगी. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकात (स्थापना १९९०) स्थानिक तरुण घेतले गेले, ते रानवाटांच्या व गोंडी बोलीच्या माहितीसाठी.