गाताना ताठ का बसायचे?

शाळेचे स्नेहसंमेलन. आठवीतली एक मुलगी गायला उभी राहते. वर्गात ती मोकळा आवाज लावते. इथे मात्र मान खाली, खांदे पुढे, हाताचा ओढणीशी चाळा, आणि दुसऱ्याच ओळीला श्वास तुटतो. पडद्याआडून बाई खुणावतात, 'ताठ उभी राहा!' बाईंचे बरोबरच आहे. पण त्याची जी कारणे हल्ली सांगितली जातात ती सगळीच खरी नाहीत.

आधी श्वासाचे पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा घुमटाकार स्नायू असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो आणि फुप्फुसांना जागा मिळते. पोक काढले की पोट दाबले जाते, श्वासपटलाला पुरते खाली सरकता येत नाही, बरगड्याही नीट फाकत नाहीत. भीतीमुळे अॅड्रेनॅलिन स्रवून श्वास आधीच उथळ झालेला असतो, तोंडाला कोरड पडलेली असते. त्यात ही भर. सूर हलतो, तो गाणाऱ्याला स्वतःला ऐकू येतो आणि भीती आणखी वाढते. मांडी घालून गाणारे गवई पाठ सरळ ठेवतात ती केवळ शिस्त म्हणून नव्हे. स्वतः पेटी वाजवत गाणारी मुले पट्ट्यांवर वाकतात. त्यांची पेटी पाटावर ठेवून पाहावी.

हे वर्गात तपासता येते. एकाने एका श्वासात 'सा' धरावा, दुसऱ्याने घड्याळ पाहावे. तीन वेळा पोक काढून, तीन वेळा ताठ. निम्म्या जोड्यांनी सुरुवात ताठ बसून करावी, नाहीतर सरावाचा फायदा बसण्याच्या खात्यावर जमा होईल! काहींच्या बाबतीत फरक दिसणार नाही. ताठ म्हणजे कवायतीतले 'सावधान' समजून खांदे उचलले आणि पोट आत ओढले, तर श्वास पुन्हा अडतोच.

आता मनाचे. २०१० साली अमेरिकेत ४२ जणांवर एक प्रयोग झाला. ऐसपैस पवित्र्यात दोन मिनिटे राहिल्यास टेस्टोस्टेरॉन वाढते, कॉर्टिसॉल घटते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि त्याचा फार बोलबाला झाला. २०१५ साली दुसऱ्या गटाने २०० जणांवर तो पुन्हा केला. माणसांना थोडे बळ आल्यासारखे वाटले, संप्रेरके मात्र जागची हलली नाहीत. मूळ प्रयोगाच्या प्रमुख संशोधिका डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये आपला या परिणामावर विश्वास उरला नसल्याचे जाहीर केले. असे धैर्य विज्ञानातही रोज दिसत नाही. नंतरच्या आढाव्यांतून दिसते ते असे, की छाती काढून फारसे काही मिळत नाही. अंग चोरल्याने मात्र मन खचते.

आणि ऐकणाऱ्यांचे काय? चिया-जंग त्साय या संशोधिका स्वतः पियानोवादक. त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना संगीतस्पर्धांमधील तीन-तीन अंतिम स्पर्धकांचे तुकडे दिले. नुसता आवाज ऐकून विजेता ओळखणे अंदाजाने बोट ठेवण्यापेक्षा सरस ठरले नाही; आवाज बंद करून नुसते चित्र पाहणाऱ्यांनी सुमारे निम्म्या वेळा तो अचूक ओळखला. व्यावसायिक संगीतकारांचेही तेच झाले!

शालेय गायनस्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याची वेळ आमच्यावरही आली आहे. अंग चोरून गाणाऱ्या मुलांचे किती गुण आमच्या डोळ्यांनी कापले असतील, कोण जाणे. आता पहिले कडवे आम्ही मान खाली घालून, कागदाकडे पाहत ऐकतो आणि सुरांचे गुण तेव्हाच मांडून टाकतो.