२०२४ उन्हाळी ऑलिंपिकमधील सायकलिंग – पुरुष क्रॉस-कंट्री माउंटन बाइक

२०२४ उन्हाळी ऑलिंपिक स्पर्धेतील पुरुषांची क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यत २९ जुलै २०२४ रोजी फ्रान्समधील एलाँकूर टेकडीवर झाली. ग्रेट ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने सुवर्ण, फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीने रौप्य आणि दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅलन हेथर्लीने कांस्यपदक मिळविले. टोकियोनंतर सलग दुसऱ्यांदा विजेता ठरलेला पिडकॉक हा असा मान मिळविणारा फ्रान्सच्या जूलियें अब्सालाँनंतरचा दुसरा पुरुष सायकलपटू होय. या क्रीडाप्रकारात पुरुषांचे ऑलिंपिक पदक युरोपाबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

शर्यतीचे स्वरूप

क्रॉस-कंट्री शर्यत डांबरी रस्त्यावर होत नाही. जंगल, खडक, माती व खडी यांतून आखलेल्या काही किलोमीटरांच्या बंद मार्गावर सायकलपटू ठरावीक फेऱ्या पूर्ण करतात. सर्व स्पर्धक एकाच वेळी निघतात व अंतिम रेषा प्रथम ओलांडणारा विजयी होतो. सुरुवातीच्या रांगेतील जागा जागतिक क्रमवारीनुसार दिली जाते. मार्ग लवकरच अरुंद होत असल्याने पहिल्या रांगांमधील स्पर्धकांना त्याचा मोठा लाभ होतो. जे स्पर्धक आघाडीपेक्षा फार मागे पडतात, त्यांना फेरी संपताच शर्यतीतून बाहेर काढले जाते.

सायकलीची दुरुस्ती ही या शर्यतीतील एक कसोटी आहे. चाक किंवा अन्य भाग बदलण्यास केवळ नेमून दिलेल्या साहाय्य-कक्षातच परवानगी असते. टायर अन्यत्र पंक्चर झाल्यास सायकलपटूला स्वतःच दुरुस्ती करावी लागते, किंवा हवा गेलेल्या चाकावर कक्षापर्यंत पोहोचावे लागते. त्यामुळे शारीरिक ताकदीइतकेच महत्त्व उतारावरील कौशल्याला आणि खडकांमधून योग्य वाट निवडण्याला असते.

मार्ग

पॅरिसच्या पश्चिमेस असलेली एलाँकूर टेकडी मूळची नैसर्गिक नाही. जुन्या खाणीच्या जागी बांधकामाचा राडारोडा साठत जाऊन ती तयार झाली. तिची उंची २३१ मीटर असून ती पॅरिसभोवतालच्या ईल-द-फ्रान्स प्रदेशातील सर्वोच्च जागा मानली जाते. ऑलिंपिकसाठी येथे ४.४ किलोमीटर लांबीची फेरी आखण्यात आली. पुरुषांना अशा आठ फेऱ्या, म्हणजे एकूण ३५.२ किलोमीटर अंतर कापायचे होते.

ही उंची मराठी वाचकाला किरकोळ वाटेल. माथेरानचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. परंतु क्रॉस-कंट्रीत एकच मोठा चढ नसतो. लहान, तीव्र चढ आणि अवघड उतार आठ वेळा पार करावे लागतात व त्यांच्यामध्ये विश्रांतीला फारसा अवकाश मिळत नाही.

शर्यत

चौथ्या फेरीत, आघाडीवर असताना, पिडकॉकच्या पुढच्या चाकाचे टायर पंक्चर झाले. साहाय्य-कक्षात चाक बदलून तो पुन्हा निघाला तेव्हा नवव्या क्रमांकावर घसरला होता व कोरेत्स्की अर्ध्या मिनिटाहून अधिक पुढे गेला होता. त्यानंतर पिडकॉकने एकेक स्पर्धक मागे टाकत आघाडी गाठली. अखेरच्या फेरीत कोरेत्स्की पुन्हा पुढे होता.

निर्णायक क्षण शेवटच्या वृक्षराजीत आला. एका झाडापाशी वाट दुभंगत होती. कोरेत्स्की उजवीकडून, तर पिडकॉक डावीकडून गेला. दोन्ही वाटा पुन्हा मिळाल्या तेथे दोघांचा निसटता स्पर्श झाला व पिडकॉक पुढे निघाला. फ्रेंच प्रेक्षकांनी नापसंती दर्शविली. मात्र निकाल कायम राहिला.

निकाल

१. टॉम पिडकॉक (ग्रेट ब्रिटन) – १ तास २६ मिनिटे २२ सेकंद
२. व्हिक्टर कोरेत्स्की (फ्रान्स) – ९ सेकंद मागे
३. अ‍ॅलन हेथर्ली (दक्षिण आफ्रिका) – ११ सेकंद मागे

पूर्वीचे विजेते

१९९६ अटलांटा – बार्ट ब्रेंट्येन्स (नेदरलँड्स)
२००० सिडनी – मिगेल मार्टिनेझ (फ्रान्स)
२००४ अथेन्स – जूलियें अब्सालाँ (फ्रान्स)
२००८ बीजिंग – जूलियें अब्सालाँ (फ्रान्स)
२०१२ लंडन – यारोस्लाव कुल्हावी (चेक प्रजासत्ताक)
२०१६ रिओ – नीनो शुर्टर (स्वित्झर्लंड)
२०२० टोकियो – टॉम पिडकॉक (ग्रेट ब्रिटन)

टोकियोची शर्यत प्रत्यक्षात जुलै २०२१ मध्ये झाली. १९९६ ते २०२० या सात स्पर्धांतील पुरुषांची सर्व २१ पदके युरोपीय खेळाडूंनीच जिंकली होती. हेथर्लीच्या कांस्यपदकाचे महत्त्व त्यामुळे वाढते.

आशिया व भारत

या शर्यतीत ३६ जागा होत्या आणि एका देशाला जास्तीत जास्त दोन सायकलपटू पाठविता येत होते. बहुतेक जागा देशांच्या जागतिक क्रमवारीवरून ठरल्या. काही जागा खंडीय अजिंक्यपद स्पर्धांसाठी राखीव होत्या. आशियासाठीची ही पात्रता स्पर्धा, म्हणजे आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद, ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळातील पोनमुडी येथे भरली. भारतात ती प्रथमच होत होती. यजमान असूनही भारताला पॅरिसची जागा मिळाली नाही. १९६४ च्या टोकियो स्पर्धेनंतर ऑलिंपिक सायकलिंगमध्ये भारतीय खेळाडू दिसलेला नाही. दिल्लीत २०१० मध्ये झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेतही माउंटन बाइकचा समावेश नव्हता.

महाराष्ट्रात सायकल शर्यतींची परंपरा मुख्यतः रस्त्यावरची आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यत हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. जुन्या महामार्गाने चौक व खोपोली मागे टाकल्यावर बोर घाटाची चढण लागते आणि ती प्रथम पार करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. ही चढण दीर्घ व सलग असल्याने दमसासाची परीक्षा घेते. क्रॉस-कंट्रीला दमसासाबरोबर उतारावरील तोल आणि क्षणात घेतलेला निर्णय हवा असतो. तो सराव डांबरी रस्त्यावर होत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारता येतील असा कायमस्वरूपी आखलेला मार्ग लागतो. खाणीच्या राडारोड्यावर उभी राहिलेली एलाँकूर टेकडी पाहता, अशा मार्गासाठी उत्तुंग पर्वत असलाच पाहिजे असे नाही, हे स्पष्ट होते.