कल ओळखा, भाकीत नको

शेअरचा भाव उद्या कुठे जाईल हे सांगता येत नाही. तो गेले काही महिने कोणत्या दिशेने चालला आहे, हे मात्र मोजता येते. कल पाहून व्यवहार करण्याची पद्धत याच फरकावर उभी आहे. तिचे साधे साधन म्हणजे २०० दिवसांची सरासरी. मागच्या २०० दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची. रोज नवा भाव धरायचा, सर्वांत जुना सोडायचा. भाव तिच्या वर असेपर्यंत शेअर ठेवायचा, खाली बंद झाला की विकायचा. कल काही काळ टिकतो याला आधारही आहे: संशोधक जेगदीश आणि टिटमन यांनी १९९३ साली अमेरिकी बाजाराच्या अभ्यासात दाखवले की, तीन ते बारा महिने आघाडीवर असलेले शेअर पुढचे काही महिनेही सरासरीने सरस ठरतात.

यावर आक्षेप असा, की सरासरी मागचेच सांगते, म्हणजे उशीर ठरलेलाच. हे खरे आहे. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर गेला, तेव्हा या पद्धतीने कुणालाही शिखरावर विकायला सांगितले नसते. पण ऑक्टोबरात तो ८ हजारांखाली घसरला, त्याच्या काही महिने आधीच तिचा इशारा मिळालेला होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बाजार एकाच पट्ट्यात घुटमळतो तेव्हा खोटे इशारे मिळतात, आणि दलाली व कर नफा खातात. म्हणूनच रक्कम बेताची हवी आणि स्टॉपलॉस, म्हणजे तोटा आवरण्यासाठी विकण्याचा भाव, खरेदीआधीच ठरलेला हवा. लहान तोटे निमूटपणे सोसण्याची तयारी नसेल, तर या वाटेला जाऊ नये.