मोकळी कोंबडी : नफा किती, जोखीम किती?

आम्ही कापडाचे व्यापारी. कोंबडीपालन हा आमचा पेशा नव्हे. परंतु आमच्या अंगणात आठ-दहा गावठी कोंबड्या आईच्या वेळेपासून आहेत. एका उन्हाळ्यात आठवड्याभरात दोन सोडून सगळ्या मेल्या. अंड्यांच्या पैशावर घरातल्या बायकांचा वरखर्च चाले, तोही थांबला. तेव्हा आम्ही वही काढून जो हिशेब मांडला, तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम जमेची बाजू. पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण रोज सुमारे ११० ग्रॅम विकतचे खाद्य खाते. गावठी कोंबडी ६०-७० अंडीच देते; मात्र किडे, गवत, सांडलेले धान्य टिपून पोट भरते. संध्याकाळी मूठभर दाणे टाकले की पुरे. अंड्याला भाव जास्त मिळतो. कोंबडी खुडूक बसली की २१ दिवसांत घरचीच पिल्ले निघतात. म्हणजे विक्री थोडी, पण भांडवलही थोडे.

आता नावेची बाजू. घार, मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री पिल्ले उचलतात. शेजाऱ्याचा वाफा उकरला तर भांडण वेगळेच. पण खरे नुकसान मानमोडीचे, म्हणजे राणीखेत रोगाचे. आमच्याकडे तोच आला होता. बाजारातून आणलेली नवी कोंबडी आम्ही त्याच दिवशी कळपात सोडली होती. बर्ड फ्लूचा धोकाही आहेच. २००६ साली नवापूरला तो मोठ्या बंदिस्त फार्मांत शिरला, तेव्हा आसपासच्या घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. यावरून बंद खुराड्यातही पूर्ण हिफाजत नाही, हे ध्यानात यावे.

मग करावे काय? कोंबड्या दिवसा मोकळ्या, रात्री पक्क्या खुराड्यात. पिल्ले पहिला महिनाभर डालग्याखाली. नवा पक्षी दोन-तीन आठवडे वेगळा. आणि लस! पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी इंजेक्शन. लस निरोगी पक्ष्यालाच द्यावी.

इथेच लोक कचरतात. लसीची कुपी बहुधा १०० किंवा जास्त पक्ष्यांची असते. थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? आम्हीही याच विचाराने टाळली होती. आता मोहल्ल्यातली दहा-बारा घरे वर्गणी काढून एकाच सकाळी लस टोचून घेतात. खर्च एका अंड्याच्या किमतीइतकाही येत नाही.

कापडाच्या धंद्यात आम्ही मालाचा विमा उतरवतो. अंगणातल्या मालाचा विमा म्हणजे ही लस. ती देऊन कोंबडी खुशाल मोकळी सोडावी. न देता सोडली, तर ते फुकटचे खाद्य फार महाग पडते.